जुन्या अमेरिकी ध्वजाचे वय कसे ठरते?

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी ध्वज जमवणारा संग्राहक सर्वप्रथम तारे मोजतो. १८१८ च्या कायद्याने पट्टे तेरावर कायम केले, तारे मात्र राज्यांइतके ठेवले आणि नवे राज्य संघात आले की त्यानंतरच्या ४ जुलैपासून त्याचा तारा ध्वजावर यावा असे ठरवले. त्यामुळे ३४ ताऱ्यांचा ध्वज अधिकृतपणे १८६१ ते १८६३ या यादवी युद्धाच्या वर्षांतला, तर ३८ ताऱ्यांचा १८७७ ते १८९० मधला ठरतो. ताऱ्यांची मांडणी मात्र १९१२ पर्यंत कायद्याने बांधलेली नव्हती; म्हणून कोणी ते वर्तुळांत मांडले, कोणी ओळींत, तर कोणी सगळे मिळून एक मोठा तारा साकारला. ही विविधता म्हणजे अशा संग्रहाचे खरे वैभव होय.

तरीही केवळ ताऱ्यांवर विसंबता येत नाही. १८७६ मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त मूळ तेरा राज्यांची आठवण म्हणून १३ ताऱ्यांचे ध्वज पुन्हा शिवले गेले आणि नौदलाच्या लहान होड्यांवर ते विसाव्या शतकातही फडकत होते. अशा वेळी टाके पाहावे लागतात. शिलाई यंत्राचा प्रसार १८५० नंतर झाला; सरळ पट्टे यंत्रावर लवकर शिवले जाऊ लागले, पण ताऱ्याचे कोपरे वळवणे अवघड असल्याने तारे पुढेही बराच काळ हातानेच शिवले जात.

त्याहून बोलका पुरावा रंगात असतो. लाल रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या, मंजिष्ठेच्या कुळातील मॅडर या वनस्पतीच्या मुळांत ॲलिझरिन या लाल रंगद्रव्यासोबत पर्प्युरिन हे दुसरे रंगद्रव्यही असते, तर १८६९ नंतर कारखान्यांत बनू लागलेल्या ॲलिझरिनमध्ये घटकांचे हे नैसर्गिक मिश्रण नसते. म्हणून धाग्याच्या बारीकशा तुकड्यातील रंगद्रव्ये वेगळी करून पाहिली की कापड केव्हा रंगवले असावे याचा अंदाज येतो. किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून वय काढणारी रेडिओकार्बन पद्धत येथे फारशी कामाची नाही, कारण साधारण १६५० ते १९५० या काळातील वातावरणीय कार्बनच्या चढउतारांमुळे एकाच मोजमापाला अनेक संभाव्य वर्षे जुळतात.

नकली ध्वज ओळखण्यासाठी जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिवा उपयोगी पडतो. कापड शुभ्र दिसावे म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास वापरली जाणारी रसायने त्याच्या प्रकाशात निळसर चमकतात, त्यामुळे जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या ध्वजाचा शिलाईचा धागाच तेवढा चमकला तर संशय घ्यावा. मात्र अस्सल जुना ध्वज कोणी आधुनिक साबणचुऱ्यात धुतला असेल तर तोही तसाच चमकतो. असा ध्वज कधीही घरी धुऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. धुण्याने पुरावा गढूळ होतोच, शिवाय कथिल किंवा लोहाच्या क्षारांनी जड केलेले त्या काळातील रेशीम आधीच इतके ठिसूळ झालेले असते की पाण्याच्या भाराने त्याच्या चिंध्या होतात. प्रकाशाने उडालेला रंग तर कोणत्याही उपायाने परत येत नाही, म्हणून संग्रहालये असे कापड सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या मंद उजेडात आणि तेही थोडाच काळ मांडतात.