ड्रेसिंगच्या वेळी डोळ्यांवर व्हीआर: पार्श्वभूमी

भाजलेली जखम धुवायची, मेलेली कातडी काढायची, पट्टी बदलायची, आणि हे जवळपास रोज. मॉर्फिन देऊनही त्या वेळच्या वेदना पुरत्या आटोक्यात येत नाहीत. अमेरिकेतल्या सिएटलच्या जळीत विभागात १९९६ साली व्हीआरचा, म्हणजे हेडसेटमधून दिसणाऱ्या आभासी जगाचा, वापर सुरू झाला तो याच अडचणीतून. मेंदूपर्यंत पोचणारी वेदना वाटेतच कमी-जास्त होऊ शकते, हा सिद्धांत १९६५चा. डोक्यावर चढवायचा पहिला डिस्प्ले १९६८चा. पण रुग्णाच्या खाटेपाशी दोन्ही एकत्र आले ते सिएटलमध्ये. तिथल्या ‘स्नोवर्ल्ड’ या व्हीआर खेळात रुग्ण बर्फाच्या दरीतून जात पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो, आणि हातापायांवर काय चाललंय याकडे बघायला त्याचं लक्ष फारसं उरत नाही. २०००च्या पहिल्या अहवालात अवघी दोन किशोरवयीन मुलं होती. साध्या व्हिडिओ गेमपेक्षा हेडसेट लावल्यावर त्यांना वेदना कमी जाणवली.

हेडसेट महाग होते तोवर हे मोजक्या केंद्रांपुरतंच राहिलं. २०१६ला ते सर्वसामान्य ग्राहकांच्या बाजारात आले आणि सलाईनची सुई, दातांचं काम, केमो अशा सगळीकडे प्रयोग होऊ लागले. नोव्हेंबर २०२१मध्ये अमेरिकी नियामकाने घरी वापरायच्या एका व्हीआर उपकरणाला परवानगी दिली, तीही जुनाट कंबरदुखीसाठी. १७९ जणांच्या चाचणीत ते वापरणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांची वेदना ३० टक्क्यांहून जास्त उतरली. तुलनेच्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होतं. हे आकडे ड्रेसिंगला लागू होत नाहीत.

खरा वाद वेगळाच आहे: हेडसेट औषधासोबत द्यायचा की औषधाऐवजी? सिएटलमध्ये तो पहिल्यापासून औषधाच्या जोडीला होता. पुढे अमेरिकेत ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या, व्यसनाची साथ पसरली आणि ‘औषधाविना वेदनाशमन’ ही व्हीआरची मोठी जाहिरात ठरली. आपल्याकडची गोष्ट नेमकी उलटी. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि कित्येक रुग्ण अपुऱ्या औषधावर कण्हत राहिले. २०१४च्या दुरुस्तीने एका परवान्याची वाट मोकळी केली, पण एक अख्खी डॉक्टरांची पिढी हे औषध न वापरताच घडली होती. अशा ठिकाणी कमी औषधाची भलामण आणणं मला अन्यायाचं वाटतं. आधी पुरेसं औषध, मग हेडसेट.

सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात धाराशिवपासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात. वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं ऐकू येतं. कंबरदुखीच्या उपकरणासारखे बोलून शिकवणारे इंग्रजी कार्यक्रम इथे कुचकामी. गोळे फेकायला मात्र भाषा लागत नाही. एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात हेडसेटची चेहऱ्याला टेकणारी फोमची गादी घामाने भिजते आणि जळीत वॉर्डात जंतुसंसर्गाची धास्ती कायमची. त्यामुळे दर रुग्णामागे पुसता-बदलता येणारी गादी हवी. चेहरा भाजलेल्याला तर पट्ट्याचा हेडसेट लावताच येत नाही. त्यासाठी परदेशात स्टँडच्या दांडीवर टांगलेले, चेहऱ्याला न टेकणारे गॉगल वापरले गेले आहेत. इथे हेडसेट घ्यायचे ठरले, तर खरेदीच्या यादीत आधी ते असावेत.