बारशाला फ्लॅश मारला तर?

‘तान्ह्या बाळावर फ्लॅश मारला तर नजर जाते’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. खानापूर-निपाणीकडे मित्रांच्या घरी बारशाला कॅमेरा काढला, की कुणी आजी हमखास आडवी येते. काळजी रास्त आहे, माहिती मात्र खरी नाही.

फ्लॅशचा झोत साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच टिकतो. एवढ्याशा उजेडाने डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासताना तर डॉक्टर बाहुली मोठी करून थेट आत प्रखर उजेड टाकतात, तोही कितीतरी जास्त वेळ. शंका असेल तर लस द्यायला जाल तेव्हा बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

बाळ दचकतं, रडतं, हे खरंच. शिवाय जवळून मारलेल्या फ्लॅशने चेहरा पांढराफटक येतो. म्हणून मी तो वर स्लॅबकडे वळवतो, म्हणजे उजेड तिथून परतून येतो. कौलारू घरात ते जमत नाही, मग पाळणाच सोप्याच्या, म्हणजे पुढच्या खोलीच्या, दाराशी उजेडात सरकवायचा.

आणि एक. फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल दिसली तर घाबरू नका. पण एखाद्या डोळ्यात पुन्हा पुन्हा पांढरी चमक दिसली, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ती मोतीबिंदूची किंवा पडद्यावरच्या गाठीची खूण असू शकते. फ्लॅशने झालेली इजा नव्हे.