मीठ-मोहऱ्या आणि म्यूट

गेल्या महिन्यात ऐरोलीला ताईकडे एकाच संध्याकाळी दोन उपाय झाले. भाच्याला त्याच्या ऑनलाइन खेळाने ७२ तासांसाठी म्यूट केलं आणि ताईने त्याची दृष्ट काढली.

भाचा अकरावीत आहे. पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा खेळ खेळतो. त्या आठवड्यात सारखा हरत होता आणि घरात कोणी "जेवायला चल" म्हटलं तरी अंगावर येत होता. शेवटी त्याने चॅटमध्ये आपल्याच संघातल्या कोणाला तरी असं काही लिहिलं, की पडद्यावर पाटी आली: खेळा, पण तीन दिवस लिहायचं नाही, माइकवर बोलायचंही नाही. "मावशी, मी फक्त आंधळा आहेस का एवढंच विचारलं गं," असं त्याचं म्हणणं. पुढचे शब्द त्याने मला दाखवले नाहीत, मीही आग्रह धरला नाही.

ताईच्या मते नजर लागली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच्या दहावीच्या टक्क्यांचं जरा जास्तच कौतुक केलं होतं म्हणे. मुठीत मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या, "आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची" वगैरे पुटपुटणं, आणि मग सगळं गॅसवरच्या जुन्या तव्यात. मिरच्यांचा ठसका आला नाही. "बघ, होतीच दृष्ट!" ताई म्हणाली. स्वयंपाकघरातली चिमणी फुल स्पीडवर चालू होती, हे मी बोलले नाही. माझं तोंड मी स्वतःच म्यूट केलं.

चौथ्या दिवशी मुलगा माणसात आला. ताईने श्रेय मोहऱ्यांना दिलं, भावजींनी म्यूटला. "या कंपन्यांनी मानसशास्त्राचे डॉक्टर ठेवलेत, उगाच नाही," ते म्हणाले. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये बावीस वर्षं काढली आहेत. दोघांच्याही दाव्यात मला एकच खोट दिसत होती. ती एकदा दिसली की पेपरातल्या निम्म्या बातम्या वाचवत नाहीत, हा या नोकरीचा शाप.

भावजींची बाजू आधी मांडते, कारण तिच्याकडे आकडे आहेत. 'डोटा २' हा खेळ चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१३ साली आपल्या संवादबंदीचा हिशेब जाहीर केला. बंदी आल्यापासून नकारात्मक बोलणं ३५ टक्क्यांनी घटलं आणि बंदी बसलेल्यांपैकी ६० टक्के खेळाडूंवर पुन्हा तशी वेळ आली नाही. शंभरातले साठ सुधारले असं ऐकलं की कोणालाही वाटेल, झालं, सिद्ध झालं.

यातला ३५ टक्क्यांचा आकडा आधी बाजूला काढते. ज्यांच्या तोंडाला पट्टी लावली त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, यात नवल कसलं? त्या घटीत काही वाटा पट्टीचाच असणार. मनं बदलली का, हे विचारायला ६० टक्केवाला आकडा जास्त कामाचा. आणि नेमका तोच फसवा आहे.

ते भाच्याला समजावायची संधी महावितरणने दिली. रविवारी दुपारी लाईट गेली, वायफाय गेलं, मोबाइलची बॅटरी नऊ टक्क्यांवर. मी माळ्यावरून ल्युडोचा डबा काढला आणि दोन फासे त्याच्या हातात दिले.

म्हटलं, हे बघ, एक खेळाडू म्हणजे दोन फासे. दर आठवड्याला फासे पडतात आणि जी बेरीज येते तितक्या शिव्या तो देतो. १० किंवा जास्त आल्या की म्यूट. दोन फाशांच्या ३६ शक्यता असतात. त्यात १० तीनदा, ११ दोनदा, १२ एकदा. म्हणजे ३६ खेळाडूंपैकी सरासरी ६ जण अडकणार. आता त्या सहांना पुढच्या आठवड्यात काहीच शिक्षा द्यायची नाही. नुसते फासे पुन्हा टाकायचे. पुन्हा १० किंवा जास्त यायची शक्यता परत सहातली एक. म्हणजे सहातले पाच 'सुधारले'. ८३ टक्के! म्यूट नाही, मोहऱ्या नाहीत.

भाच्याने लगेच पकडलं. "पण मावशी, सगळे सारखे नसतात ना. काही जण मुळातच डोकं फिरलेले असतात."

बरोबर. म्हणून दुसरी फेरी. ३६ शांत खेळाडू, नुसत्या दोन फाशांचे. ३६ तापट, त्यांच्या बेरजेत कायमचे ३ जास्त. शांतांपैकी आधीसारखेच ६ अडकतील. तापटांना फाशांवर ७ पडले तरी पुरे, आणि ७ किंवा जास्त पडायच्या शक्यता ३६ पैकी २१. म्हणजे २१ तापट आणि ६ शांत मिळून २७ जण म्यूट. पुढच्या आठवड्यात, पुन्हा कुठलीही शिक्षा न देता, ६ शांतांपैकी एक अडकेल आणि २१ तापटांपैकी साधारण १२. एकूण १३. म्हणजे २७ पैकी १४ जण काही न करता सुधारले. निम्म्याहून जास्त!

हे माझ्या ल्युडोच्या डब्यातले खेळाडू आहेत, व्हॉल्व्हचे नव्हेत, आणि माझा हिशेब एकाच आठवड्यापुरता आहे. पण शिक्षेशिवायच निम्मे सुधारणार असतील, तर शिक्षेनंतर ६० टक्के सुधारले यातलं शिक्षेचं श्रेय किती, हा प्रश्न उरतोच. तो आकडा एकटा उभा असेपर्यंत त्याचं उत्तर मिळत नाही.

या प्रकाराला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि त्यांच्या मुलांच्या उंच्या मांडताना तो टिपला. फार उंच जोडप्यांची मुलं उंचच असतात, पण सरासरी पाहिली तर आईवडिलांइतकी नाहीत. यात कुठलीही शक्ती कोणाला मध्याकडे ओढत नसते. टोकाच्या निकालात मूळ गुण असतो आणि त्या दिवसाचा योगायोगही असतो. मूळ गुण दुसऱ्या दिवशी सोबत येतो, योगायोग येतोच असं नाही, एवढंच. डॅनियल कानेमन यांनी (२००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल) इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा किस्सा लिहून ठेवला आहे. प्रशिक्षकांचा अनुभव असा, की उत्तम उड्डाणानंतर शाबासकी दिली की पोरगा पुढच्या खेपेला बिघडतो आणि वाईट उड्डाणानंतर झापलं की सुधारतो. त्यावरून त्यांनी ठरवलं, शाबासकी वाईट, झापणं चांगलं. प्रत्यक्षात उत्तम उड्डाणानंतर बहुधा त्याहून साधं उड्डाण येणारच होतं, कोणी काही बोललं नसतं तरी.

दृष्टीचं मर्म हेच. पोर खेळतंय, हसतंय, अशा दिवशी कोणी दृष्ट काढत बसत नाही. रडून रडून घर डोक्यावर घेतलं की काढतात. ताप १०३ वर गेला की अंगारा आठवतो. टोकाच्या क्षणी केलेला कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा दिसतो, कारण टोकानंतर बहुतेक वेळा उतारच असतो. चिडलेल्या पोराला मीठ-मोहऱ्यांनी ओवाळणं निरुपद्रवी आहे. तापलेल्या पोराला दवाखान्यात न नेता अंगारा लावणं मात्र निरुपद्रवी नाही, आणि त्यामागचा हिशेब तोच चुकीचा हिशेब असतो.

ऑनलाइन खेळांत हा योगायोगाचा भाग मोठा असतो, याला पुरावा आहे. 'लीग ऑफ लेजंड्स' काढणाऱ्या रायट गेम्सने खेळाडूंच्या वागण्याचा अभ्यास करायला जेफ्री लिन या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाला नेमलं होतं. त्यांच्या चमूला दिसलं की सतत विखारी वागणारे खेळाडू साधारण १ टक्का, आणि एकूण विखारात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. बाकीचा बहुतेक विखार साध्यासुध्या माणसांचा, ज्यांचा तो दिवस वाईट होता. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी हेच प्रयोगात दाखवलं. काही लोकांना आधी अवघड प्रश्न देऊन वैतागून सोडलं, काहींना सोपे दिले, आणि मग एका बातमीखाली प्रतिक्रिया लिहायला सांगितल्या. मूड चांगला आणि आधीच्या प्रतिक्रिया सभ्य, तर ३५ टक्के प्रतिक्रिया खवचट निघाल्या. मूड खराब आणि आधीच घाण पडलेली, तर ६८ टक्के. ठाणे स्टेशनात लोकल वीस मिनिटं लेट झाली की एरवी "जरा सरकता का" म्हणणारी माणसं कोणत्या भाषेत बोलतात, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना या प्रयोगाची गरज नाही.

म्हणजे माझ्या खेळण्यातल्या हिशेबात फाशांचा वाटा भरपूर. म्हणून सगळ्यात वाईट आठवडा गेलेल्यांना निवडून शिक्षा करणाऱ्या उपायाची परिणामकारकता फुगूनच दिसणार.

मग खरं मोजायचं कसं? सरळ मार्ग: म्यूटला पात्र ठरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्यांना म्यूट करायचं, निम्म्यांना सोडून द्यायचं आणि पुढे दोन्ही गटांची तुलना करायची. शिव्या खाणाऱ्यांवर हा अन्याय वाटेल. मग दुसरा मार्ग, जो मला फार आवडतो. दहावीला ३५ ला पास, ३४ ला नापास. ३४ वाला आणि ३५ वाला यांच्या अभ्यासात काही फरक नसतो, पण शिक्षा एकालाच होते. तसं, म्यूटच्या रेषेच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली असलेल्या खेळाडूंची तुलना करायची. दोघंही सरासरीकडे जवळपास सारखेच परततील. पुढच्या महिन्यांत त्यांच्या वागण्याचा आलेख रेषेपाशी तुटलेला दिसला, तर त्या पायरीची उंची म्हणजे म्यूटचा खरा परिणाम. अट एवढीच, की रेषा नेमकी कुठे आहे हे खेळाडूंना माहीत नको, नाहीतर सगळे ९ वर थांबतील. आणि रेषेच्या किती जवळचे खेळाडू घ्यायचे हेही ठरवावं लागतं. फार जवळचे घेतले तर माणसं पुरत नाहीत, लांबचे घेतले तर दोन्हीकडची माणसंच वेगळी निघतात. भाचा इथे जांभई देऊन पंख्याकडे बघू लागला, म्हणून मीही थांबते.

बंदी निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. लिन यांनी २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलेला प्रयोग मला पटतो. समोरच्या संघाशी बोलायची सोय त्यांनी बंद केली नाही, फक्त सुरुवातीला बंद ठेवली. हवी असेल त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी. वापर जवळपास आधीइतकाच राहिला, पण आठवड्याभरात नकारात्मक बोलणं ३२.७ टक्क्यांनी घटलं आणि चांगलं बोलणं ३४.५ टक्क्यांनी वाढलं. इथे कोणाचा वाईट आठवडा बघून निवड केली नव्हती. सगळ्यांना एकच नियम. त्यामुळे माझी फाशांची शंका इथे लागू पडत नाही. संतापाचा पहिला झटका आणि कीबोर्ड यांच्यामध्ये दोन-तीन क्लिक आल्या की पुष्कळांचा झटका तिथेच विरतो, असा मी अर्थ लावते. वाईट दिवसावर उपाय हवा असेल तर तो वाईट दिवस चालू असतानाच आडवा यायला हवा. तीन दिवसांनी संपणारी शिक्षा तोवर शमलेल्या माणसाला भोगावी लागते. याच रायटने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये समोरच्या संघाशी बोलायची ती सोय पूर्णच बंद करून पाहिली आणि पुढे पुन्हा उघडली.

आता एआय माइकवरचं बोलणं ऐकून शिवी पकडते, अशा जाहिराती येतात, त्यात "विखार अमुक टक्के घटला" असतं. शिवी पकडता येते याबद्दल मला शंका नाही. मी फक्त विचारते, सोडून दिलेला गट कुठाय?

आणि पकडायची कोणती शिवी? बोलणं बंद झालं की भांडी आपटायला लागतात, हे ज्या घरात दोन बायका आहेत तिथे सगळ्यांना माहीत असतं. 'रॉकेट लीग' या गाड्यांनी फुटबॉल खेळायच्या खेळात तयार वाक्यं आहेत. त्यातलं "काय अडवलास!" अशा अर्थाचं कौतुकाचं वाक्य लोक गोल खाल्ल्यावर आपल्याच गोलीला पाठवतात. 'लीग'मध्ये नकाशावर खुणा करायची सोय असते. तिचाही टोमण्यांसाठी वापर झाला आणि त्यातली सापळा दाखवायची खूण २०२३ मध्ये काढून टाकावी लागली. माझा आवडता तोडगा 'ओव्हरवॉच'चा. तिथे जिंकल्यावर समोरच्याला हिणवायला "सोप्पं होतं" अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य टाकलं, की खेळ ते परस्पर बदलून दुसरंच पाठवतो. त्यातलं एक साधारण असं: "माझी झोपायची वेळ टळून गेली, माझ्या आईला सांगू नका हं."

लाईट साडेचारला आली. तोवर भाच्याचा म्यूट कधीच संपला होता. त्याने लॉगिन केलं, सेटिंग्ज उघडल्या आणि स्वतःच्या हाताने चॅट बंद करून टाकलं. ताईने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मोहऱ्यांना आणखी एक गुण.

"शहाणपण आलं वाटतं," मी म्हटलं.

"नाही गं. लिहीत बसलं की मरतो मी." दोन मिनिटांत त्याच्या संघातला कोणीतरी भलत्याच खिडकीतून डोकावला आणि मेला. भाचा काही बोलला नाही. त्या मेलेल्या गड्याच्या जागेवर माऊस नेला आणि खूण केली. टिंग. मग पुन्हा. टिंग, टिंग, टिंग.