ऑफिसच्या विजेची किल्ली कुणाकडे?

कोल्हापूरच्या जुन्या कचेऱ्यांना उंच छत, जाड दगडी भिंती आणि पुढं ओसरी असे. ऊन आत यायच्या आधीच अडायचं. इमारत सांभाळणाऱ्याकडं किल्ल्या, पाणी आणि झाडलोट एवढंच काम. विजेचा भार पंखे-दिव्यांपुरता.

ताराबाई पार्क, राजारामपुरीकडं काचेचे दर्शनी भाग आणि न उघडणाऱ्या खिडक्या आल्या, तसं हे पालटलं. पश्चिमेच्या काचेतून दुपारी शिरलेली उष्णता एसीनं उपसायची, आणि एसी कधी सुरू, कधी बंद हे मेंटेनन्सवाला ठरवणार. इथल्या हिवाळ्यात सकाळी खिडकी उघडली तरी भागावं, पण ती उघडतच नाही!

2005 साली वीज मंडळाचं विभाजन झालं. भारनियमनाचे दिवसही तेच. डिझेल, बॅटरी, जनरेटरचं ऑईल यातच व्यवस्थापक गुंतला. लिटरभर डिझेलला जेमतेम तीन-साडेतीन युनिट मिळत, पण विचारलं जाई ते 'लाईट आली का?' एवढंच, 'किती जळली?' असं कुणी विचारत नसे. ती सवय भारनियमन संपल्यावरही राहिली.

कायदा होताच. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, इमारतींसाठीची ऊर्जा संहिता 2007 ची. पण 2010 च्या दुरुस्तीनंतरही ती लागू व्हायची मर्यादा 100 किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा एकूण भार) किंवा 120 केव्हीए करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) अशी. तीन मजली ऑफिस सहज तिच्या आत बसतं, म्हणजे संहिता दारापर्यंत येतच नाही. 2020 पासून नवे रूम एसी 24 अंशांवर सुरू होतात, तरी रिमोट 18 वर नेणारे हात थांबले नाहीत. 18 वर ठेवल्यानं साध्या, बिगर-इन्व्हर्टर एसीची खोली लवकर गार होत नाही. कंप्रेसर फक्त उशिरा बंद होतो.

आमच्या मते 'दिवे बंद करा'च्या पाटीपेक्षा मीटर वाचणं जास्त कामाचं. रात्री आठला, सगळे गेल्यावर, रीडिंग लिहायचं. सकाळी आठला पुन्हा. सीटी (मोठा प्रवाह मीटरपुरता लहान करणारा ट्रान्सफॉर्मर) 100/5 ची असून मीटर 5 अँपिअरचा असेल, तर रीडिंगच्या फरकाला ज्यानं गुणायचं तो गुणक 20. आकडा 4 नं पुढं गेला म्हणजे रिकाम्या इमारतीत 80 युनिट गेले, सरासरी साडेसहा किलोवॅटच्या वर. मग एकेक एमसीबी (त्या त्या लाइनचा सर्किट ब्रेकर) पाडून बघायचं. सर्व्हर रूमचा एसी, पाण्याचा कूलर, जिन्यातले दिवे, फ्लोट बिघडलेला पंप, यांतलंच काहीतरी निघतं.

उच्चदाब ग्राहकांना 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, बिल येतं. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा) 0.85 वर घसरला, की 100 युनिटचे साधारण 118 मोजले जातात. तो सावरायला कपॅसिटरचं पॅनेल असतं. त्यातला एक काँटॅक्टर (कपॅसिटर जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटला किंवा कपॅसिटर फुगला तर पंखे, दिवे, एसी नेहमीसारखेच चालतात. फरक दिसतो तो महिन्यानं, बिलावर. म्हणून आठवड्यातून एकदा पॅनेलचं दार उघडून फुगलेला डबा शोधणं हे वायरमनच्या वहीत लिहून ठेवायचं काम आहे.