नेहरूंवरील टीका : अविश्वास ठरावापर्यंतची पार्श्वभूमी

२२ ऑगस्ट १९६३ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव लोकसभेने ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला. लोकसभेत चर्चेला आलेला हा पहिलाच अविश्वास ठराव होता आणि तो मांडणारे आचार्य कृपलानी हे स्वातंत्र्य मिळाले त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष होते. चीनकडून झालेल्या पराभवाला तेव्हा वर्षही झाले नव्हते, त्यामुळे ठरावाचे मूळ त्या पराभवात शोधण्याची रीत पडली आहे. ती अपुरी वाटते. देशातील कारभारावरचे आणि परराष्ट्र धोरणावरचे बहुतेक आक्षेप १९६२ पूर्वीच, पुष्कळदा नेहरूंच्या जुन्या सहकाऱ्यांकडूनच, मांडले गेले होते. युद्धाने ते एकत्र आणले, एवढेच.

पहिले आक्षेप मंत्रिमंडळातूनच आले. एप्रिल १९५० मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याशी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी झालेल्या कराराच्या निषेधार्थ डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी बाहेर पडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरदार पटेलांनी तिबेटवरील चिनी आक्रमणाच्या संदर्भात नेहरूंना सविस्तर पत्र लिहून उत्तर सीमेकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याची गरज सांगितली, पण सुमारे पाच आठवड्यांतच त्यांचे निधन झाले. या काळातील टीकेत सर्वांत विस्तृत मांडणी मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची होती. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडले ते मुख्यतः हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यांत सुधारणा करणाऱ्या हिंदू कोड बिलामुळे, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. चार कलमे संमत झाल्यावर ते विधेयक गुंडाळण्यात आले होते. तथापि त्यांच्या निवेदनाचा एक महत्त्वाचा भाग परराष्ट्र धोरणाविषयी होता. स्वतंत्र झालो तेव्हा कोणताही देश आपले वाईट चिंतत नव्हता आणि चार वर्षांत आपल्याला मित्र उरला नाही, असे सांगून ३५० कोटींच्या वार्षिक महसुलापैकी १८० कोटी रुपये सैन्यावर जातात याकडे त्यांनी लक्ष वेधले. काश्मीरचा प्रश्न न सुटणे, त्यापायी खर्च वाढणे आणि विकासाला पैसा न उरणे ही त्यांच्या लेखी एकच साखळी होती. चीनशी शांततामय सहजीवनाच्या पाच तत्त्वांवर झालेल्या पंचशील करारानंतर, १९५४ मध्ये, राज्यसभेत त्यांनी माओच्या राजवटीवर या तत्त्वांच्या बाबतीत भरवसा ठेवण्यास आक्षेप घेतला, त्याकडेही फारसे कोणी लक्ष दिले नाही.

महाराष्ट्रातील टीकेला वेगळीच धार होती, कारण येथे घरचा आणि बाहेरचा प्रश्न काही महिन्यांच्या अंतराने समोर आला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. यानंतर नेहरूंनी कारवाई करण्याऐवजी सत्याग्रहच थांबवायला लावला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय त्यांनी जाहीर केला तेव्हा मुंबईत उसळलेल्या आंदोलनावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने गोळीबार केला. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या फौजेसमोर संयम आणि आपल्या नागरिकांसमोर बंदूक, ही तुलना त्या काळच्या मराठी माणसाला कोणी शिकवावी लागली नाही. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर राजीनामा दिला. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत केलेल्या निवेदनात गोळीबाराची चौकशी टाळल्याबद्दल, तसेच इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाल्याबद्दल त्यांनी पंतप्रधानांना दोष दिला. मुंबईचा प्रश्न १९६० मध्ये सुटला, परंतु कार्यपद्धतीवरचा हा आक्षेप मागे राहिला आणि पुढे चीनच्या बाबतीत तोच अधिक कठोर शब्दांत ऐकू आला. गोव्याची गोष्ट तर उलटीच झाली. डिसेंबर १९६१ मध्ये अखेर सैन्य पाठवले तेव्हा इतकी वर्षे उशीर केला म्हणून घरात आणि शांततेचा उपदेश करून शस्त्र उचलले म्हणून पाश्चात्त्य देशांत, अशी दोन्हीकडून टीका सोसावी लागली.

अमेरिका व रशिया या दोन्ही गटांपासून दूर राहण्याच्या अलिप्तता धोरणावरील आक्षेपाला धार आली ती १९५६ मध्ये. सुएझवरील ब्रिटन-फ्रान्सच्या हल्ल्याचा तत्काळ निषेध करणारे नेहरू हंगेरीत रशियन रणगाडे शिरल्यावर सावधपणे बोलू लागले, हे जयप्रकाश नारायणांना खटकले आणि त्यांनी ते उघडपणे बोलून दाखवले. आर्थिक बाजूने काँग्रेसचे १९५९ चे नागपूर अधिवेशन निर्णायक ठरले. सहकारी संयुक्त शेतीच्या ठरावाने धास्तावलेले राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), प्रा. रंगा आणि मिनू मसानी यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग राजाजींनी रूढ केला, आणि तो ज्या व्यवस्थेविषयी होता ती पुढे तीन दशके टिकली. त्याच वर्षी केरळातील निवडून आलेले कम्युनिस्ट नंबुद्रिपाद सरकार बरखास्त झाल्याने लोकशाहीवादी म्हणून नेहरूंचा जो लौकिक होता त्यालाही बाधा आली. सप्टेंबर १९५९ मध्ये चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका निघाली, तेव्हा लडाखलगतच्या अक्साई चीनमध्ये चीनने बांधलेल्या रस्त्याची गोष्ट संसदेपासून किती काळ दूर ठेवली गेली होती हे कळून आले.

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मधील पराभवानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. पुढच्या वर्षी झालेल्या पोटनिवडणुकांत अमरोह्यातून कृपलानी, फरुखाबादमधून राममनोहर लोहिया आणि राजकोटहून मसानी असे तीन कडवे टीकाकार निवडून आले, म्हणून ठरावाची वेळ जुळली. त्यांच्यात एकमत फारसे नव्हते. मसानींना सरकार फार समाजवादी वाटे, लोहियांना पुरेसे समाजवादी वाटत नसे. तरीही चर्चेतील सर्वांत टिकाऊ वाद सीमेवरचा नव्हता. देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असा लोहियांचा आरोप होता. हा आकडा पंधरा आणे असल्याचे उत्तर नेहरूंनी दिले. दशमान नाणी येऊन सहा वर्षे झाली होती, तरी गरिबीचा हिशोब अजून आण्यांतच चालला होता.

ठराव पडणार हे सर्वांना ठाऊकच होते. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने ३६१ जागा जिंकल्या होत्या. मात्र चर्चा संपून दोनच दिवस झाले असताना, मंत्र्यांनी पदे सोडून पक्षकार्य करावे, अशा कामराज योजनेखाली मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, स. का. पाटील यांच्यासह सहा केंद्रीय मंत्र्यांचे राजीनामे स्वीकारल्याचे जाहीर झाले. पक्षसंघटना मजबूत करणे हे त्याचे सांगितलेले कारण होते. टीकाकारांनी मात्र त्यात वारसदारांची चाळणी पाहिली, आणि मोरारजींनाही तो आपला काटा काढण्याचा डाव वाटला.