खरकट्यापासून जैवप्लास्टिक

अन्नकचऱ्यावर जिवाणू पोसून त्यांच्या पेशींत साठणारे विघटनशील प्लास्टिक काढून घेण्याची प्रक्रिया. या प्लास्टिकचे नाव पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएट, व्यवहारात पीएचए. त्याचा सर्वांत साधा प्रकार, पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट), फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेमॉइन यांना १९२६च्या सुमारास बॅसिलस मेगॅटेरियम या जिवाणूत आढळला.

जिवाणू हे बनवतो ते स्वतःच्या बेगमीसाठी. कार्बन भरपूर पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस तोकडा पडला, की वाढ खुंटते आणि उरलेला कार्बन दाण्यांच्या रूपात साठतो. माणसाच्या अंगावर चरबी चढावी तसा. कुप्रियाव्हिडस नेकॅटर या जिवाणूत हा साठा कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जातो. सुदान ब्लॅक आणि सॅफ्रॅनिनने रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर गुलाबी पेशींत ठासून भरलेले काळपट दाणे दिसतात.

खरकटे सहसा थेट दिले जात नाही. आधी बंद टाकीत, हवेविना आंबवून त्याची ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले करतात. गोबरगॅसची वाटही हीच. फक्त इथे मिथेन होण्याआधी थांबायचे. नाशिक महापालिकेने ओला कचरा आणि सेप्टिक टाक्यांतला मैला एकत्र कुजवून वीज करण्याचा प्रकल्प जर्मन साहाय्याने उभारला होता, त्यामुळे अर्धी वाट शहराच्या ओळखीची आहे.

नाशिक जिल्ह्यात कच्च्या मालाला तोटा नाही, पण सगळा सारखा नाही. पांढऱ्या वाइनचा चोथा आंबवण्याआधीच पिळून काढतात, म्हणून त्यात साखर उरते. लाल वाइनच्या चोथ्यातली साखर यीस्टने आधीच फस्त केलेली असते. शिवाय हा माल द्राक्षांच्या हंगामापुरताच. मिसळीच्या ताटात उरलेली तर्री मात्र कामाची, कारण कुप्रियाव्हिडसला तेल साखरेपेक्षा जास्त मानवते. तिच्यातले मीठ तेवढे नडते.

नुसते पीएचबी कडक आणि ठिसूळ. प्रोपिऑनिक आम्ल जास्त मिळाले तर व्हॅलरेट हा दुसरा घटक मिसळलेले, जरा लवचीक प्लास्टिक तयार होते. खरा खर्च पुढे असतो : पेशी फोडून, विद्रावकात विरघळवून दाणे वेगळे करण्यात.

पीएचए मातीतले जिवाणू खातात. पीएलए या दुसऱ्या जैवप्लास्टिकला मात्र सुमारे ६० अंशांची तापलेली खतटाकी लागते. टोमॅटो, मिरचीच्या वाफ्यांवर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर पीक निघाल्यावर फाटत, तुकड्यातुकड्यांनी गोळा करावा लागतो. पीएचएचा असेल तर तो नांगरून मातीत घालता येईल. भाव मात्र पॉलिथिनच्या कित्येक पट.