जाहिरातींचा ब्रेक (दूरचित्रवाणी)

दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम मध्येच थांबवून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या तुकडीला बोलीत ‘ब्रेक’ म्हणतात. त्याची लांबी हा मुंबईतल्या मराठी घरांमधला रोजच्या कुरकुरीचा विषय आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती आल्या त्या १ जानेवारी १९७६ पासून. प्रायोजित मालिकांच्या काळात जाहिरातींची रांग बहुधा भाग सुरू होण्याआधी लागे. १९९२नंतर खासगी वाहिन्या वाढल्या आणि ब्रेक कथेच्या पोटात शिरला. दैनंदिन मालिका ब्रेकच्या मापाने लिहिल्या जाऊ लागल्या. दारावरची बेल वाजते, सासूबाई दचकून वळतात, ब्रेक. परत आल्यावर तीच बेल, तेच वळणे. हा पुनरावृत्तीचा वेळ जाहिरातींच्या हिशेबात धरला जात नाही, प्रेक्षकाच्या मात्र तो पक्का लक्षात राहतो. कंटाळून वाहिनी बदलावी, तर तिथेही ब्रेकच. क्रिकेटमध्ये षटकाचा शेवटचा चेंडू पडायचा अवकाश, की साबण हजर.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ नुसार तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यांतली १० मिनिटे व्यापारी जाहिरातींची, २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०१२-१३मध्ये ही मर्यादा घड्याळाच्या प्रत्येक तासाला लावायचे ठरवले, तेव्हा वाहिन्या कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर सक्तीची कारवाई करण्यास अंतरिम मनाई केली आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. जाहिरातींवाचून चॅनेल चालणार नाही, हा वाहिन्यांचा युक्तिवाद मोफत वाहिन्यांपुरता पटण्याजोगा आहे. २०१९च्या दरपद्धतीनुसार एकेका वाहिनीचे पैसे मोजणाऱ्याला तो पटवणे कठीण.

भारतीय जाहिरात मानक परिषद (स्थापना १९८५) मुंबईतच आहे. मात्र ती जाहिरातीतला खोटेपणा आणि असभ्यता पाहते, मिनिटे मोजत नाही.

घरोघरी यावर आपापले तोडगे आहेत: आवाज बंद करणे, कुकर लावून येणे, किंवा दुसऱ्या दिवशी मोबाइलवर भाग पाहणे. त्या अॅपांनीही आता जाहिरातींसह स्वस्त आणि जाहिरातींविना महाग असे वेगवेगळे दर ठेवले आहेत.